पाणी नासवणारा कोण आणि दंड घेणारा कोण?



कायदा नव्हता म्हणून झाले, असे कोणी सांगू नये. झांबियात कायदा होता. १९९० साली प्रदूषण नियंत्रणाचा कायदा झाला. १९९७ साली नियम झाले की, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल दिल्याशिवाय कोणी खाण खोदू नये. २०११ साली त्याहून जाडजूड कायदा आला. जो घाण करील त्याने भरून द्यावे, हे तत्त्व त्यात लिहिलेले आहे. अंमलबजावणीला स्वतंत्र खाते आहे, निरीक्षक आहेत, परवाने आहेत, दंडाची कलमे आहेत. हे सगळे जागच्या जागी असताना १८ फेब्रुवारी २०२५ रोजी चांबिशी गावाजवळच्या तांब्याच्या खाणीतले गाळाचे धरण फुटले आणि तेजाबी पाण्याचा लोंढा ओढ्यात गेला. ओढ्यातून म्वांबाशी नदीत आणि तिथून त्या देशाची जीवनवाहिनी असलेल्या काफुए नदीत पोहोचला.

झांबिया हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला देश, समुद्रकिनारा नसलेला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा जास्त, लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावरची. मका हे मुख्य पीक, जोडीला भुईमूग, कसावा, कोरड्या भागात ज्वारी. म्हणजे आमच्यासारखाच, आभाळाकडे डोळे लावून बसणारा शेतकरी. आणि जमिनीखाली तांबे.

ते धरण काय असते हे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचे कळेल. तांब्याचा दगड फोडून त्याचे पीठ करतात. त्या पिठावर गंधकाचे तेजाब सोडले की तांबे तेजाबात उतरते. ते वेगळे काढून घेतात. उरतो तो तेजाबाने भिजलेला, जड धातू असलेला चिखल. तो मातीचा बांध घालून मोठ्या तळ्यात साठवतात आणि तळे भरत आले की बांध चढवत नेतात. तेजाब म्हणजे काय हे कपाशीवाल्याला शिकवायला नको. सरकीवरची तूस जाळायला बियाणेवाले हेच वापरतात आणि नंतर चुन्याच्या पाण्याने मारतात. तेजाब राहिले तर बी मरते. चांबिशीला सुमारे ५ कोटी लिटर तेजाबी पाणी सुटल्याचे सांगितले गेले. आपल्याकडचे ३० मीटर बाय ३० मीटरचे शेततळे साधारण २० लाख लिटरचे असते. अशी २५ शेततळी तेजाबाने भरून एकाच वेळी नदीत फोडली, असे समजा.

मेलेले मासे पाण्यावर आले. १०० किलोमीटर खालपर्यंत प्रदूषणाच्या खुणा सापडल्या. किट्वे शहराचे पाणी बंद करावे लागले. तिथे सात लाखांच्या आसपास लोक राहतात. सरकारने हवाई दलाची विमाने उडवून नदीत चुना टाकला. आता तेजाब चुन्याने मरते हे खरे, पण गाळात बसलेले जड धातू चुन्याने नाहीसे होत नाहीत. आणि नदीकाठच्या शेतातून गेलेले पाणी काही विमानाची वाट पाहत थांबले नव्हते.

तारीख पुन्हा पाहा. १८ फेब्रुवारी. तिकडे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे मका उभा होता. त्याआधीच्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, तिथे असा दुष्काळ पडला की २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. एक वर्ष उपाशी काढून, उसनवारीचे बी टाकून, यंदा बरा पाऊस झाला म्हणून कणसाकडे पाहत बसलेला नदीकाठचा शेतकरी, त्याच्या रानात हे पाणी शिरले. दुष्काळाचे आम्ही एक वेळ समजू शकतो, आभाळावर फिर्याद करता येत नाही. हे आभाळातून आलेले नव्हते.

खाण कोणाची? चीनच्या सरकारी मालकीच्या खाण-उद्योगसमूहातली, सायनो मेटल्स लीच झांबिया नावाची कंपनी. कंपनीने माफी मागितली आणि सफाई करू म्हणाली. सफाईचा अंदाज घ्यायला दक्षिण आफ्रिकेतली एक फर्म नेमली. त्या फर्मने हिशेब काढला तर सुटलेला विषारी माल म्हणे १५ लाख टन. अंतिम अहवाल हातात येण्याच्या सुमारास कंपनीने त्या फर्मशी असलेला करारच मोडला. फर्मनेच अटी मोडल्या, असे कंपनीचे म्हणणे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या वकिलातीने आपली माणसे त्या भागातून हलवली. झांबियाचे सरकार म्हणाले, घाबरायचे कारण नाही, पाणी ठीक आहे.

५ कोटी लिटर खरे की १५ लाख टन, याचा निवाडा आम्ही इथे बसून करू शकत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. नदीत काय गेले, किती गेले, हे मोजणाऱ्यांची यादी करा. कंपनी मोजते. कंपनीने नेमलेला मोजतो. सरकार मोजते. परदेशी वकिलात मोजते. ज्याचा मका जळाला तो या यादीत कुठे आहे?

आता कोणी शहाणा म्हणेल, कायदा अजून कडक करा. आमच्याकडेही असे शहाणे पुष्कळ आहेत. कुठे काही बिघडले की त्यांना नवीन कायदा हवा, नवीन खाते हवे, त्या खात्यावर एक नवीन आयोग हवा. झांबियाने २०२४ साली खनिजांसाठी नवा नियमन आयोग आणणारा कायदाही केला. कायद्याच्या पुस्तकाची जाडी वाढवून बांधाची जाडी वाढत असती तर चांबिशीचे धरण काँक्रीटचे झाले असते.

कायदा चालत नाही याचे कारण साधे आहे. ज्याने दंड करायचा त्याचेच पोट गुन्हेगाराच्या ताटात आहे. झांबियाच्या निर्यातीत दर दहा रुपयांतले सात रुपयांच्या आसपास तांब्याचे. वर्षाला आठ लाख टनांच्या आसपास तांबे निघते, ते २०३१ पर्यंत तीस लाख टनांवर न्यायचे, असे सरकारचे जाहीर ध्येय आहे. शिवाय झेडसीसीएम-आयएच नावाच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा मोठमोठ्या खाणींत हिस्सा आहे. चिंगोलाच्या कोंकोला खाणींत २०.६ टक्के तिचे. म्हणजे एका हाताने लाभांश घ्यायचा, दुसऱ्या हाताने दंडाची पावती फाडायची. कुंपणच जिथे शेतातले भागीदार, तिथे शेत कोणी राखायचे? पर्यावरण खात्यातली माणसे प्रामाणिक नसतील असे आम्ही म्हणत नाही. पण सरकारने एका टेबलावर तीस लाख टनांचे लक्ष्य लिहून ठेवले असेल, तर शेजारच्या टेबलावरचा निरीक्षक खाण बंद करण्याचा आदेश कोणत्या हिमतीने काढील?

निरीक्षणाची पद्धत पाहा. खाण सुरू करण्याआधीचा परिणाम-अहवाल जो सल्लागार लिहितो त्याची फी खाणच देते. म्हणजे नवऱ्या मुलाच्या चालचलणुकीचा दाखला नवऱ्याच्याच मामाने द्यायचा. पुढे सांडपाण्याचे नमुने कंपनी आपणच घेते आणि आकडे आपणच खात्याला कळवते. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१४ साली खाणींमुळे होणाऱ्या पर्यावरणाच्या नासाडीवर वेगळा अहवाल दिला. तपासणी आणि अंमलबजावणी कशी ढिली आहे हे सरकारच्याच हिशेबनिसाने सरकारला लिहून सांगितले. त्यानंतर अकरा वर्षांनी धरण फुटले.

एक गोष्ट त्यांच्या कायद्यात आम्हाला मनापासून आवडली, ती सांगितली पाहिजे. १९९८ साली त्यांनी खाण पर्यावरण निधीचे नियम केले. खाणवाल्याने खोदायला लागल्यापासूनच अनामत ठेवायची. खाण बंद झाल्यावर खड्डे, गाळ, माती नीट करायला जो खर्च येईल त्याच्या हिशेबाने. जो नीट वागतो त्याची रोख अनामत कमी, जो बेफिकीर त्याची जास्त. याहून शेतकऱ्याला समजणारा नियम कोणता असेल? बैल भाड्याने नेणाऱ्याकडून आपणही आधी काहीतरी ठेवून घेतो. कागदावर हे उत्तम होते. पण पैसा भरायला लावायचा कोणी? तर त्याच सरकारने. आणि त्या निधीतून नुकसान झालेल्या शेतकऱ्याने थेट काही उचलावे, अशी सोय त्यात नाही. अनामत सरकारकडे, नुकसान शेतकऱ्याकडे.

मागचा इतिहास थोडा पाहावा लागेल, नाहीतर काही मंडळी याला खाजगी भांडवलाचे पाप म्हणून मोकळी होतील आणि दुसरी मंडळी सरकारी गलथानपणाचे. १९६४ ला स्वातंत्र्य मिळाले, पाच-सहा वर्षांत खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ पासून सगळ्या एका सरकारी कंपनीत होत्या. त्या काळात नदीत अमृत वाहत होते काय? मुफुलिराच्या भट्टीतून गंधकाचा धूर तेव्हाही निघत होता. तिथले लोक त्या धुराला 'सेंटा' म्हणतात, इतका तो घरचा झालेला. मग तांब्याचा भाव पडला, सरकारी कंपनी बुडीत निघाली आणि १९९७ ते २००० या काळात खाणी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या. विकताना जे करार झाले ते वाचण्यासारखे आहेत. जुन्या घाणीची जबाबदारी बव्हंशी सरकारने आपल्याकडे ठेवली. नव्या मालकांनी ठरलेल्या योजनेप्रमाणे हळूहळू सुधारणा करायच्या आणि त्या मुदतीत दंडापासून सूट. धरणे तीच, नळ तेच, चिखल तोच आणि सूट नवी. हे करार २००८ साली कायदा करून रद्द करावे लागले. मधली आठ-दहा वर्षे नदीकाठच्या माणसाने कोणाकडे जायचे होते?

चिंगोलाच्या लोकांचेच घ्या. ही गोष्ट आम्ही सावकाश सांगणार आहोत, कारण तिच्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे.

कोंकोला खाणी २००४ साली वेदांत रिसोर्सेस या लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने घेतल्या. ५१ टक्के हिस्सा, किंमत अडीच कोटी डॉलर. वेदांत म्हणजे आपल्याकडचीच मंडळी, स्टरलाइटवाले अनिल अगरवाल. २०१४ साली बंगळूरच्या एका कार्यक्रमात त्यांनी सांगितले की अडीच कोटी डॉलरला खाण घेतली आणि ती दरवर्षी किमान पन्नास कोटी डॉलर देते आहे. त्या भाषणाची फीत झांबियात पोहोचली तेव्हा तिथे काहूर उठले, कारण तिथे तर खाण तोट्यात आहे असे सांगणे चालले होते. असो. कोणी किती कमावले यात आम्हाला फारसा रस नाही. घाम गाळून, धोका पत्करून कमवावे. दुसऱ्याच्या पाण्यात घाण सोडून जो खर्च वाचतो, त्याला कमाई म्हणत नाहीत, एवढेच.

६ नोव्हेंबर २००६ ला खाणीचा गाळ वाहून नेणारा नळ फुटला आणि घाण काफुए नदीत गेली. तेजाबी, तांबे-मँगनीज मिसळलेले पाणी चिंगोलाच्या नळांना आले. सुमारे २,००० लोक झांबियाच्या उच्च न्यायालयात गेले. २०११ साली न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि भरपाई ठरवली. एकूण १,००० कोटी क्वाचा, तेव्हाच्या भावाने सुमारे वीस लाख डॉलर. न्यायमूर्तींनी कंपनीच्या बेपर्वाईवर कडक ताशेरे ओढले. लोकांना वाटले, जिंकलो. अपील झाले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कंपनी दोषी आहे हे बरोबर, पण आजारी पडल्याचा डॉक्टरी पुरावा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच पैसे. असा पुरावा असलेले किती निघाले? बारा.

दोन हजार लोकांनी पाणी प्यायले आणि बारा जणांनी कागद जपला. ज्या गावात दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर नाही, त्या गावच्या बाईने पोट दुखले त्या दिवशीचा दाखला नऊ वर्षे जपून ठेवावा, ही न्यायाची अपेक्षा. आपल्याकडे तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत पीक वाळून जाते आणि मग वाळलेल्याचा पुरावा मागतात, तसलाच प्रकार. इथे दोष न्यायाधीशांचा नाही. पुरावा जमवण्याची ताकद ज्याच्याकडे नाही त्याच्यावरच पुरावा आणण्याचे ओझे टाकणारी रीत दोषी आहे. पाण्याचे रोजचे आकडे कंपनीच्या कपाटात असतात. ते कपाट उघडायला लावायचे सोडून आजाऱ्याच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या मोजल्या.

त्याच चिंगोला भागातल्या चार गावांनी, शिमुलाला, काकोसा, हिप्पो पूल आणि हेलेन, मग दुसरा रस्ता धरला. हे सगळे शेतीवर आणि मासेमारीवर जगणारे. १,८२६ जणांनी २०१५ साली थेट लंडनच्या न्यायालयात दावा केला, खाणीवर आणि तिच्या लंडनमधल्या मालक कंपनीवर. कंपनीने सांगितले, घटना झांबियातली, न्यायालय झांबियात आहे, आम्ही तिथे हजर व्हायला तयार आहोत, इथे कशाला? बोलणे वरवर रास्त होते. चार वर्षे याच प्रश्नावर गेली. पाणी कोणी नासवले हा प्रश्न नव्हे, तो कोणत्या गावच्या चावडीवर विचारायचा हा प्रश्न.

१० एप्रिल २०१९ रोजी इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खटला खरे तर झांबियातच चालायला हवा होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण तिथे या लोकांना खराखुरा न्याय मिळण्याची शक्यता नाही, म्हणून इथे चालू द्या, असे सांगितले. का शक्यता नाही? तिथले न्यायाधीश वाईट म्हणून नव्हे. गरिबांना अशा खटल्यासाठी सरकारी मदत मिळत नाही, दावा जिंकला तर त्यातून फी घेईन असा करार वकिलाने करणे तिथे बेकायदा आहे, आणि एवढा मोठा खटला पेलण्याइतकी साधने असलेले वकील नाहीत. बाजूला ठेवून द्यावे असे हे वाक्य नाही. २०११ च्या कायद्यातली सगळी पाने एका बाजूला आणि वकिलाला हप्त्याने फी देण्याची सोय एका बाजूला ठेवली, तर चिंगोलाच्या शेतकऱ्याने कशाला हात घातला असता ते सांगा.

त्या निकालात आणखी एक गंमत आहे. मालक कंपनीचे म्हणणे होते की खाण वेगळी, आम्ही वेगळे, आमचा काय संबंध? न्यायालयाने कंपनीचेच छापील अहवाल पुढे ठेवले. आम्ही आमच्या सगळ्या खाणींवर पर्यावरणाची मानके लागू करतो, देखरेख ठेवतो, प्रशिक्षण देतो, असे त्यात गुळगुळीत कागदावर स्वतःच छापले होते. मग जबाबदारीचा प्रश्न निदान उभा तरी राहतो, असे न्यायालय म्हणाले. भागधारकांना दाखवायला काढलेला फोटो असा ओळखपरेडीत कामी आला.

पुढे? खटला अखेरपर्यंत चाललाच नाही. जानेवारी २०२१ मध्ये २,५७१ जणांच्या वतीने तडजोड झाली. रक्कम जाहीर नाही. कंपनीने दोष कबूल केला नाही. २००६ च्या नोव्हेंबरात जन्मलेल्या पोराला तोवर मिसरूड फुटले होते.

आणि झांबियाचे सरकार या काळात काय करत होते? मे २०१९ मध्ये, लंडनच्या निकालानंतर महिनाभरात, सरकारने खाण ताब्यात घेऊन तिच्यावर अवसायक नेमला. गावांना वाटले असेल, आपल्यासाठी. पण मुख्य तक्रार कराची, गुंतवणुकीची, परवान्याच्या अटींची होती. सरकार बदलले, आणि २०२४ साली खाण पुन्हा त्याच कंपनीकडे गेली. पाणी नासले तेव्हा जे सरकार खाणीच्या दारात गेले नाही, ते पैसा अडकला तेव्हा कुलूप घेऊन गेले.

वेदांतचा विषय निघाला म्हणून सांगतो. या घराण्याची तांब्याची भट्टी आधी आपल्या रत्नागिरीला येणार होती. १९९३ साली तिथल्या आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी रस्त्यावर येऊन ती थांबवली. तेव्हा मुंबईच्या काही वर्तमानपत्रांना ते विकासाचे शत्रू वाटले होते. भट्टी तमिळनाडूत तूत्तुकुडीला गेली. तिथे २२ मे २०१८ रोजी प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १३ माणसे मेली, मग सरकारने टाळे ठोकले. २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. रत्नागिरीकरांना जे रस्त्यावर बसून मिळाले ते तूत्तुकुडीला तेरा प्रेतांनंतर मिळाले. दोन्हीकडे प्रदूषणाचा कायदा तोच होता.

मालकी सरकारी असावी की खाजगी, या वादाचा निकाल कुणाला लावायचाच असेल तर त्याने काब्वे गावी जावे. तिथे शिशाची खाण होती, १९०६ पासून १९९४ पर्यंत. आधी इंग्रजांची, १९२५ ते १९७४ या काळात अँग्लो अमेरिकन कंपनीचा तिच्यात हिस्सा आणि हात, नंतर सरकारी. १९९४ ला खाण बंद करून सगळे निघून गेले. राहिली ती ६० लाख टनांहून जास्त टाकाऊ माती. तिच्या काळ्या टेकडीला लोक ब्लॅक माउंटन म्हणतात. वारा सुटला की ती धूळ घरात, भांड्यात, पोरांच्या तोंडात. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या ९५ टक्क्यांहून जास्त मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले आहे. शिसे लहान मुलाच्या मेंदूला धरते आणि गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही.

२०२० साली काब्वेच्या आयाबायांच्या आणि मुलांच्या वतीने, सुमारे १ लाख ४० हजार लोकांसाठी, जोहान्सबर्गला अँग्लो अमेरिकनच्या दक्षिण आफ्रिकी कंपनीवर दावा लावला गेला. कंपनी म्हणते, आमच्यानंतर वीस वर्षे सरकारी कंपनीने खाण चालवली, तिला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सामूहिक दावा म्हणून परवानगी नाकारली, नंतर अपिलाची वाट मोकळी झाली. आता यात भांडवलशाही कुठे संपते आणि समाजवाद कुठे सुरू होतो, हे कोणी त्या पोराच्या रक्तात शोधून दाखवावे. जागतिक बँकेच्या कर्जाने सफाईच्या दोन मोठ्या योजना झाल्या, एक २००३ पासून, दुसरी २०१६ पासून. कर्ज फेडणार झांबियाची जनता. म्हणजे काब्वेची आई कधीतरी मीठ-साखर घेताना त्या शिशाचा हप्ता भरणार. वर आणखी, त्याच विषारी मातीतून उरलेसुरले धातू काढायचे परवाने सरकारने अलीकडे पुन्हा वाटले आहेत.

आम्हाला विचारतील, मग काय खाणी बंद करायच्या? मुळीच नाही. पर्यावरण हा शब्द घेऊन शहरातली काही मंडळी गावात येतात आणि कारखाना नको, खत नको, बियाणे नको, असा धोशा लावतात, त्या पंगतीत आम्ही बसणार नाही. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचे वायंडिंग तांब्याचे आहे. जळाली की रिवाइंडिंगला किलोच्या भावाने तांब्याचे पैसे मोजतो ते आम्हीच. डीपीतले तांबे चोरीला गेले की पंधरा दिवस अंधारात बसतो ते आम्हीच. मोरचूदही तांब्याचेच. तांबे हवे आहे, आणि त्यासाठी कोणीतरी खाण खोदणार. खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या घरची चूलही खरी आहे. आमचे म्हणणे एवढेच की तांब्याच्या किमतीत नदीची किंमत धरा. आज तांबे थोडे स्वस्त मिळत असेल तर त्यातला फरक चांबिशीच्या मका पिकवणाऱ्याच्या खिशातून गेलेला आहे. त्याने न सांगता, न विचारता, जगाला दिलेली ती सबसिडी आहे. शेतकऱ्याला सबसिडीवर जगतो म्हणून हिणवणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा.

चिनी वाईट, इंग्रज वाईट, मारवाडी वाईट, ही भाषाही आम्हाला मान्य नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीनंतर काही दिवसांतच त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका चिनी खाणीतून तेजाब गळल्याचे उघड झाले आणि ते लपवायचा प्रयत्न झाला, असे अधिकाऱ्यांनीच सांगितले. एक कामगार तेजाबात पडून मेला होता. संताप येतो. पण मालकाची जात बदलून नळ फुटायचा थांबला असता तर शंभर वर्षांत केव्हाच थांबला असता. चार मालक बदलून झाले.

बदलायचा आहे तो दंडुका धरणारा हात. खाणीच्या खालच्या अंगाला ज्याची जमीन आहे, त्याला स्वतः बाटली भरून नमुना घेण्याचा आणि तो कंपनीच्या खर्चाने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क हवा. कंपनीचे रोजचे आकडे गावच्या फळ्यावर लागायला हवेत. नमुना बिघडला की, नुकसान आमच्यामुळे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी खाणीवर हवी, आजाऱ्यावर नको. अनामत आधीच ठेवलेली असावी आणि तिच्यावर पहिला बोजा नुकसान झालेल्याचा असावा, सरकारचा नंतर. जिंकल्यावर फी, असा करार वकिलाशी करायला मोकळीक हवी. आणि जमिनीचा कागद हवा. झांबियात १९९५ च्या कायद्याने सगळी जमीन राष्ट्रपतींच्या नावे आहे. गावची जमीन परंपरेने मुखियाच्या हाताखाली, आणि खाणीच्या हद्दीलगत कसणाऱ्या कित्येकांकडे कसलाच कागद नाही. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्या शेतात तेजाब गेले तर पहिला प्रश्न असा येतो की, तू इथे कसा? नुकसानभरपाई मागायला गेलेला माणूस अतिक्रमणवाला ठरतो.

यातली एकही गोष्ट नवीन खाते काढल्याने होत नाही. उलट खात्याचे काम कमी होते. दहा हजार शेतकरी जिथे पाण्यावर नजर ठेवून आहेत तिथे चार निरीक्षकांची जीप आली नाही तरी चालते. आणि सरकारांना नेमके हेच नको असते. दंड सरकारी तिजोरीत गेला तर मंत्र्याला खाणवाल्याशी बोलता येते, मुदत देता येते, सवलत देता येते. दंड शेतकऱ्याच्या घरात गेला तर बोलायला काही उरत नाही.

चांबिशीच्या खालच्या अंगाचे शेतकरी आता खात्याच्या भरवशावर बसलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्यातल्या १७६ जणांनी सायनो मेटल्स आणि शेजारच्या एनएफसी आफ्रिका मायनिंग या कंपन्यांवर झांबियाच्याच उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी ८,००० कोटी डॉलरची. आकडा ऐकून लुसाकातले आणि बाहेरचे बरेच जण हसले. एवढा तर त्या देशाचा वर्षाचा सगळा धंदाही नाही, म्हणाले. आम्हाला हसू आले नाही. मेलेल्या नदीचा भाव आजवर कोणी ठरवला नव्हता. १७६ मका पिकवणाऱ्यांनी बोलीची पहिली रक्कम सांगितली आहे. जास्त वाटत असेल तर आता कंपनीने आपल्या कपाटातले आकडे काढून कमी करून दाखवावी.